तारेची वेटोळी आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र: प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, पेण

दिवाळीची सुट्टी अजून शिल्लक आहे, तेवढ्यात या प्रकल्पाची आखणी करून ठेवते. अकरावी-बारावीची पाच-सहा मुलं यायला तयार आहेत.

दहावीपासून मुलं एकच गोष्ट पाहत आलेली असतात. तारेतून विद्युतधारा गेली की जवळच्या होकायंत्राची सूची हलते. तार नालचुंबकात धरली की उडते. कॉइलमध्ये चुंबक खुपसला की गॅल्व्हॅनोमीटरचा काटा फिरतो. तिन्ही प्रयोगांत काहीतरी हलतं, आणि हललं की आपण पुढच्या धड्याला लागतो. किती हललं, तेवढंच का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. अंगठ्याचा नियम, फ्लेमिंगचा डावा हात, उजवा हात, सगळं दिशेपुरतं पाठ होतं. आकडा कुठेच येत नाही.

म्हणून ठरवलंय की एकच राशी घ्यायची आणि ती तीन वेगळ्या वाटांनी मोजायची: धारेच्या चुंबकीय क्षेत्रावरून, धारेवर पडणाऱ्या बलावरून आणि प्रवर्तनावरून, म्हणजे वेटोळ्यातलं क्षेत्र बदललं की त्यात जे विभवांतर तयार होतं त्यावरून. तिन्ही वाटा एकाच आकड्याशी आल्या, तर तीन धडे म्हणजे एकच विषय आहे हे सांगावं लागणार नाही.

मोजायची राशी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक. त्याला चुंबक विकत घ्यावा लागत नाही आणि कितीही मुलांनी एकाच वेळी वापरला तरी तो कमी पडत नाही. शिवाय इथून तासाभराच्या अंतरावर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. तिथे हीच राशी १९०४ पासून मोजली जाते आणि ती ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. ताडून पाहायला याहून चांगलं ठिकाण कुठलं मिळणार?

७ नोव्हेंबर

सामानाची जमवाजमव. मोठी, नेमकी गोल वेटोळी करायला साचा हवा होता. पाणीपुरवठ्याच्या कामातून उरलेला ३१५ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. त्यातून चार-चार सेंटिमीटर रुंदीच्या दोन कड्या कापून घेतल्या. प्लायवूड कापून केलेल्या चकतीपेक्षा हा साचा कितीतरी गोल आहे.

तार रिवाइंडिंगच्या दुकानातून घेतली: २२ गेज, सुपर एनॅमल, वजनावर साडेतीनशे ग्रॅम. काकांनी विचारलं, "मॅडम, एवढ्या मोठ्या घेराची कॉइल कुठल्या मोटरला बसते?" मोटरची नाही, पृथ्वीचं क्षेत्र मोजायचंय असं सांगितल्यावर त्यांनी आपणहून दोन गोष्टी बजावल्या. तार ताणून धरा, नाहीतर वळणं सैल पडतात. आणि टोकांचं एनॅमल ब्लेडने पूर्ण खरवडा, तांबं लखलखेपर्यंत. दोन्ही सूचना वहीत लिहून घेतल्या.

लोखंड कुठेही नको. स्क्रू पितळेचे, पट्ट्या लाकडाच्या, चिकटवायला फेव्हिकॉल.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन्ही कड्यांवर वीस-वीस वळणं, एका थरात, एकमेकांना चिकटून. एका वळणाचा परीघ दोऱ्याने मोजला तर ९९.३ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १५.८. दोन्ही कड्या एकाच आसावर १५.८ सेंटिमीटर अंतराने उभ्या केल्या आणि धारा दोन्हींतून एकाच दिशेने फिरेल अशा जोडल्या.

वेटोळ्यांमधलं अंतर त्रिज्येइतकंच का, हे मुलांना गणितानेच दाखवलं. एकट्या वेटोळ्याचं क्षेत्र मध्यभागी सर्वांत जास्त असतं आणि आसावर सरकलं की लगेच घसरतं. आमच्या मापाच्या वेटोळ्यात केंद्रापासून तीन सेंटिमीटरवर ते पाच टक्क्यांनी कमी होतं. दोन वेटोळी त्रिज्येइतक्या अंतरावर ठेवली की एकाची घसरण दुसऱ्याची चढण भरून काढते आणि त्याच तीन सेंटिमीटरवर फरक उरतो जेमतेम ०.१५ टक्का. ही मांडणी हेल्महोल्ट्झच्या नावाने ओळखली जाते. होकायंत्राच्या सूचीला लांबी असते आणि तिची टोकं केंद्रात नसतात, म्हणून ही सपाटी लागते.

मध्यभागचं क्षेत्र काढायला चारच गोष्टी पुरतात: वळणं, धारा, त्रिज्या आणि निर्वात पोकळीची पार्यता. आमच्या जोडीसाठी उत्तर येतं दर अँपिअरला ११३.८ मायक्रोटेस्ला. म्हणजे अलिबागचा आकडा इथेही लागू असेल, तर अँपिअरच्या साधारण एक तृतीयांश धारेत पृथ्वीइतकं क्षेत्र आपल्याच हाताने तयार होईल. हे ऐकून एकीने विचारलं, "मॅडम, एवढ्याशा तारेत पृथ्वीइतकं?" एवढ्याशा जागेत, हो.

१३ नोव्हेंबर

पहिली मोजणी प्रयोगशाळेत, पहिल्या मजल्यावर. पद्धत जुनी आहे, टँजंट गॅल्व्हॅनोमीटरची. जोडीचा आस पूर्व-पश्चिम ठेवायचा आणि मधोमध होकायंत्र. धारा नसताना सूची उत्तरेकडे. धारा सुरू केली की वेटोळ्यांचं क्षेत्र सूचीला आडवं ओढतं आणि पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे. सूची दोघांच्या मधे थांबते. ती जितकी वळते त्या कोनाचा टॅन म्हणजे वेटोळ्यांचं क्षेत्र भागिले पृथ्वीचं क्षेत्र. सूची किती जोरकस चुंबकाची आहे याचा उत्तराशी काही संबंध नाही, कारण दोन्ही ओढी तिच्यावर सारख्याच प्रमाणात पडतात.

टेबलाच्या एका टोकाला उत्तर आलं ३३ मायक्रोटेस्ला, दुसऱ्या टोकाला ४१. धारा बंद असतानाही सूची टेबलभर सरकवली तर तिची उत्तर दिशा सहा-सात अंशांनी बदलत होती. कारण पायाखालीच आहे: स्लॅबमधल्या सळ्या, खिडक्यांचे गज, टेबलाचे पाय. आपल्या काँक्रीटच्या इमारतींमध्ये पृथ्वीचं क्षेत्र स्वच्छ मिळतच नाही. मुलांनी मग वर्गभर होकायंत्र फिरवून फरशीवर खडूने उत्तर दिशेचे बाण काढले. बाणांची ती रांग खांबांजवळ वाकडी होत गेली. हा नकाशा प्रकल्पात नव्हता, पण मला तो फार आवडला. फोटो काढून ठेवलाय.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळं सामान मैदानाच्या पलीकडच्या आंब्याखाली हलवलं. इमारतीपासून लांब, जवळ तारेचं कुंपणही नाही. लाकडी बाकाचे खिळे तपासले, एक बाक लोखंडी पट्टीचं निघालं, ते परत पाठवलं.

सहा व्होल्टची बॅटरी आणि मल्टिमीटर दोन मीटर दूर ठेवले. तिथून येणाऱ्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन आणल्या. जाणाऱ्या आणि येणाऱ्या धारेची क्षेत्रं पिळामुळे एकमेकांना खोडतात. सुटी वायर सूचीपासून दहा सेंटिमीटरवरून गेली असती तर ०.३४ अँपिअरला ०.७ मायक्रोटेस्लाची भर एकट्या तिनेच घातली असती, म्हणजे जवळजवळ दोन टक्के.

०.२० अँपिअरला कोन साडेतीस अंश. ०.३४ ला पंचेचाळीस. ०.५० ला छप्पनच्या किंचित अलीकडे. प्रत्येक वेळी सूचीची दोन्ही टोकं वाचली, धारा उलटी करून पुन्हा वाचली आणि सरासरी घेतली. होकायंत्र नेमकं मधोमध नसलं किंवा आस पूर्व-पश्चिमेपासून जरा चळला असला, तर तो दोष अशा सरासरीत बराचसा जिरतो.

उत्तर: ३८.६ मायक्रोटेस्ला. त्यात अंदाजे ०.७ इकडेतिकडे होऊ शकतं, कारण आमच्या होकायंत्रावर अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचता येत नाही. पंचेचाळीस अंशांवर अर्ध्या अंशाची चूक उत्तरात पावणेदोन टक्के होते. पंचाहत्तर अंशांवर तीच साडेतीन टक्के झाली असती. म्हणून पंचेचाळीसच्या आसपासची वाचनं जास्त भरवशाची.

जाता जाता एक पाहिलं. जोडीचा आस उत्तर-दक्षिण वळवला आणि धारा पृथ्वीच्या क्षेत्राला विरोध करेल अशी सोडली. धारा वाढवत नेली तशी सूचीची डोलण्याची गती मंदावत गेली. ०.३४ च्या जवळ ती हलकेच कुठल्याही दिशेला लावली तरी तिथेच राहायला लागली. त्या मुठीएवढ्या जागेत उत्तर दिशा उरली नव्हती. धारा आणखी जराशी वाढवली आणि सूची सरळ दक्षिणेकडे फिरली. सगळ्यांनी ते आळीपाळीने करून पाहिलं, मीही केलं.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. निवडणुकीच्या कामावर नेमणूक असल्याने दोन-चार दिवस हाताशी वेळ नाही. निघण्यापूर्वी अलिबागच्या वेधशाळेबद्दलची टिपणं लिहून ठेवते, मुलांना सांगायला.

चुंबकीय नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत असत, १८४० च्या दशकापासून. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची धारा रुळांतून परत जाते आणि काही जमिनीत पसरते. तिच्या क्षेत्राने वेधशाळेच्या नोंदी बिघडल्या असत्या. नानाभाई मूस तेव्हा कुलाब्याचे संचालक होते. त्यांनी नवी जागा अलिबागला निवडली. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका सांधता येईल. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली तेव्हा अलिबागचं काम सुरळीत सुरू होतं. इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं आणि तो सूचीला फसवतो.

ट्रामची भीती किती खरी होती, ते आपल्याच सूत्राने काढता येतं. लांब सरळ तारेतून १०० अँपिअर जात असतील, तर १०० मीटरवर क्षेत्र येतं ०.२ मायक्रोटेस्ला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सौर वादळात पृथ्वीचं क्षेत्र याच मापाने हलतं. मे २०२४ च्या मोठ्या वादळात विषुववृत्ताकडच्या भागातली घट सुमारे ०.४ मायक्रोटेस्ला होती. दिवसभर ट्रामच्या येण्याजाण्याने ०.२ ने नाचणाऱ्या नोंदीत वादळ शोधणार कसं?

कुलाब्याच्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद २ सप्टेंबर १८५९ ची. कॅरिंग्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादळात इथला क्षितिजसमांतर घटक सुमारे १.६ मायक्रोटेस्लाने कोसळला. इतक्या मोठ्या वादळाची विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातली ती नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. आमच्या पाइपच्या जोडीवर त्या दिवशी पंचेचाळीस अंशांचं वाचन सव्वा अंशाने सरकलं असतं. म्हणजे आम्हाला ते दिसलं असतं! मे २०२४ चं मात्र दिसलं नसतं.

१ डिसेंबर, रविवार

दुसरी वाट: बल. यासाठी वेगळं वेटोळं लागलं, आयताकृती, ३० बाय २० सेंटिमीटर, हलक्या पाइनच्या चौकटीवर ५० वळणं. क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर, ५० वळणांनी गुणून ३.

सुरुवातीलाच मुलांसमोर प्रश्न ठेवला. पृथ्वीच्या क्षेत्रात हे वेटोळं धरून त्यातून धारा सोडली, तर ते कुठल्या दिशेला सरकेल? बहुतेकांनी डावा हात उघडून बोटं फिरवली. उत्तर आहे: कुठेच नाही. समोरासमोरच्या बाजूंत धारा उलट वाहते, म्हणून बलंही उलट. एकसारख्या क्षेत्रात बंद वेटोळ्यावरचं एकूण बल शून्यच येतं, आकार कसाही असो. पण ही दोन बलं एका रेषेत नसतात, त्यामुळे वेटोळं सरकत नाही, वळतं. मोटर चालते ती यामुळेच.

मग ते वळणं तोलायचं कसं? चौकट आडवी ठेवली, लांब बाजू उत्तर-दक्षिण. मधोमध पूर्व-पश्चिम रेषेवर पितळेची दोन टोकं बसवून ती तराजूच्या दांडीसारखी तोलली. उत्तरेकडच्या टोकाला किंचित जास्त वजन देऊन ते टोक मिलिग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या काट्यावर टेकवलं. धारा आत नेणाऱ्या वायरी अगदी मऊ, टेकूजवळूनच वर उचललेल्या.

वरून पाहताना धारा घड्याळाच्या उलट दिशेने गेली, की उत्तर बाजूत ती पश्चिमेकडे वाहते आणि तिच्यावर बल खाली पडतं. दक्षिण बाजूवर तेवढंच वर. उत्तर-दक्षिण बाजू क्षितिजसमांतर क्षेत्राला समांतर आहेत, त्यांच्यावर त्याचं बल नाही. उभ्या घटकाची बलं आडवी पडतात आणि चौकटीला फक्त आत दाबतात.

वाऱ्यामुळे आज आकडे स्थिर राहिले नाहीत. पुढच्या वेळी भोवती पुठ्ठ्याचं मोठं खोकं.

८ डिसेंबर, रविवार

खोकं लावलं, आणि सकाळी सातला, वारा पडलेला असताना सुरुवात केली.

एक अँपिअर एका दिशेने, काटा वाचा. धारा उलटी, पुन्हा वाचा. दोन वाचनांत फरक १५३ ते १५८ मिलिग्रॅम, सरासरी १५५. त्याच्या निम्मं म्हणजे साडेसत्त्याहत्तर मिलिग्रॅम इतका जोर पृथ्वीच्या क्षेत्राने तारेवर लावला. ज्वारीचे दोन-तीन दाणे, एवढंच वजन. टेकूपासून १५ सेंटिमीटरवर आहे, म्हणून बलाचा आघूर्ण (वळवण्याचा जोर: बल गुणिले अंतर) ०.११४ मिलिन्यूटन-मीटर. ५० वळणं, ०.०६ चौरस मीटर आणि एक अँपिअर यांनी भागलं की ३७.९ मायक्रोटेस्ला.

खात्रीसाठी सगळी मांडणी नव्वद अंशांनी फिरवली. आता टेकूची रेषा उत्तर-दक्षिण. सिद्धांताप्रमाणे धारा उलटवली तरी काट्यावर काहीच बदल दिसायला नको, कारण पृथ्वी वेटोळ्याला ज्या आसाभोवती वळवू पाहते त्या आसाभोवती चौकट फिरूच शकत नाही. बदल आला दोन-तीन मिलिग्रॅम. काट्याच्या आतल्या एखाद्या स्क्रूचं ते काम असावं. मला ही जोड-तपासणी मूळ मोजणीइतकीच महत्त्वाची वाटते. जिथे शून्य यायला हवं तिथे शून्य येतं का, हे पाहिल्याशिवाय ३७.९ वर मी विश्वास ठेवला नसता.

तारांवरच्या बलाविषयी मुलांना आणखी एक सांगितलं. अँपिअरची व्याख्याच २० मे २०१९ पर्यंत अशा बलावर उभी होती: निर्वातात एक मीटर अंतरावरच्या दोन लांब समांतर तारांत दर मीटरला ०.०००००० २ न्यूटन बल निर्माण करणारी धारा म्हणजे एक अँपिअर. त्या दिवसापासून अँपिअर इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून ठरतो.

१५ डिसेंबर, रविवार

तिसरी वाट: प्रवर्तन. वेटोळं तेच, ५० वळणांचं. आता त्यात आपण धारा सोडायची नाही. ते उभं, उत्तरेकडे तोंड करून धरायचं आणि उभ्या आसाभोवती अर्धा फेरा द्यायचा. आधी एका बाजूने आत शिरणाऱ्या बलरेषा आता दुसऱ्या बाजूने शिरतात, म्हणजे फ्लक्समधला (वेटोळ्यातून जाणाऱ्या एकूण क्षेत्रातला) बदल दुप्पट. आपल्या आकड्यांनी हिशेब केला तर ०.२३ मिलिव्होल्ट-सेकंद. पाव सेकंदात फिरवलं तर सरासरी एक मिलिव्होल्टही नाही. शाळेच्या गॅल्व्हॅनोमीटरवर काटा थरथरेल, आकडा मिळणार नाही.

म्हणून एडीएस १११५ हा विभवांतर मोजणारा सोळा बिटांचा छोटा बोर्ड अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला जोडला. सर्वांत जास्त गेनवर त्याची एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची आणि तो सेकंदाला ८६० वाचनं घेतो. वेटोळ्याचं एक टोक दोन रोधकांनी पुरवठ्याच्या मध्यावर बांधलं, म्हणजे वर-खाली दोन्हीकडचं विभवांतर त्याच्या मर्यादेत राहतं. बारावीतल्या मुलाने प्रोग्रॅम लिहिला: फिरवण्याआधीची आणि नंतरची शांत पातळी काढायची, ती वजा करायची आणि उरलेल्याची वेळेनुसार बेरीज करायची. आवारातल्या वीजवाहिन्यांमुळे येणारी ५० हर्ट्झची थरथर स्पष्ट दिसते, पण बेरजेत ती आपोआप कटते.

२२ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस संपूर्ण प्रकल्पातला माझा सर्वांत आवडता.

पहिल्यांदा झटकन फिरवलं. आलेखावर उंच, अरुंद शिखर, जवळजवळ दीड मिलिव्होल्ट. मग सावकाश, सेकंदभर घेऊन. शिखर बुटकं आणि पसरट, ०.३६ च्या आसपास. बेरीज मात्र दोन्हींची सारखीच. मुलं मुद्दाम वेडंवाकडं फिरवू लागली, मधेच थांबून, थोडं मागे येऊन, पुन्हा पुढे. आलेखाचा आकार दर वेळी निराळा, बेरीज ०.२२७ ते ०.२३१. घाईने वा संथपणे, वेटोळं कुठून निघालं आणि कुठे पोचलं एवढंच तिला कळतं. फ्लक्स बदलाचा दर आणि फ्लक्समधला बदल यांतला फरक मी फळ्यावर अनेक वर्षं समजावत आले आहे. तो असा उघड्यावर कधी मांडला गेला नव्हता.

सरासरी ०.२२९. क्षेत्र ३८.२ मायक्रोटेस्ला.

मग पुढचं. क्षेत्र काढण्यासाठी दोन्ही वेळा आपण वळणं गुणिले क्षेत्रफळ, म्हणजे ३, या आकड्याने भागलं. न भागता नुसत्या मोजलेल्या राशी शेजारी ठेवल्या तर? ८ तारखेला एका अँपिअरमागे आघूर्ण मिळाला ०.११४ मिलिन्यूटन-मीटर. आज अर्ध्या फेऱ्याच्या बेरजेचं निम्मं येतं ०.११५ मिलिव्होल्ट-सेकंद. वळणं मोजली नसती, चौकटीची लांबी-रुंदी ठाऊक नसती, पृथ्वीचं क्षेत्र किती हेही माहीत नसतं, तरी हे दोन आकडे जुळलेच असते. त्यांची एककंसुद्धा एकच आहेत: न्यूटन-मीटर म्हणजे ज्यूल, आणि ज्यूल भागिले अँपिअर म्हणजे व्होल्ट-सेकंद.

हे जुळायलाच हवं. धारा वाहत असलेलं वेटोळं आपण पृथ्वीच्या ओढीविरुद्ध फिरवलं तर हाताने काम होतं. ते काम जातं कुठे? फिरताना वेटोळ्यात जे विभवांतर तयार होतं ते धारेला पुढे ढकलतं, आणि तेवढीच ऊर्जा परिपथात उतरते. एकाचं मोजमाप काट्यावर, दुसऱ्याचं व्होल्टमध्ये. लेन्झचा नियम आपण खूण लक्षात ठेवायचा नियम म्हणून शिकवतो: प्रवर्तित धारा बदलाला विरोध करते. विरोध नसता तर हाताला काम पडलं नसतं आणि वीज फुकट मिळाली असती.

रिवाइंडिंगच्या काकांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे डीसी मोटरचं असंच असतं मॅडम. जी मोटर कमी अँपिअरात जास्त ताकद देते, ती हाताने फिरवली की जास्त व्होल्ट काढते." नेमकं हेच. आघूर्णाचा स्थिरांक आणि विभवांतराचा स्थिरांक एकच, हे ते रोजच्या कामातून जाणतात.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी, तीन मुलं आली. तेच वेटोळं जमिनीवर आडवं ठेवलं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं पालथं केलं. आता मोजला जातो तो उभा घटक. बेरीज ०.११५ मिलिव्होल्ट-सेकंद, म्हणजे १९.२ मायक्रोटेस्ला, खालच्या दिशेने. दोन्ही बेरजांचं गुणोत्तर ०.५, त्यावरून नती, म्हणजे क्षेत्राचा क्षितिजाशी असलेला कोन, सुमारे २७ अंश. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र असं तिरकं जमिनीत घुसतं, हे होकायंत्र कधीच सांगत नाही.

उभा घटक हाती आल्यावर फॅरडेची गोष्ट सांगितली. २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावरच्या दोन गुंडाळ्यांनी त्याने प्रवर्तन शोधलं आणि पुढच्या जानेवारीत तो लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेला. थेम्सचं पाणी पृथ्वीच्या क्षेत्रातून वाहतं, तर दोन काठांमध्ये विभवांतर मिळायला हवं, असा त्याचा विचार. त्याला ते सापडलं नाही, पाण्यात सोडलेल्या पट्ट्यांच्या रासायनिक परिणामातच सगळं बुडालं. विचार मात्र बरोबर होता. भरती-ओहोटीला खाडीचं पाणी सेकंदाला एक मीटर वाहतंय आणि पात्र ५०० मीटर रुंद आहे असं धरलं, तर आमच्या १९.२ वरून साडेनऊ मिलिव्होल्ट येतात. मुलांनी लगेच धरमतरच्या खाडीवर जाऊ या म्हणून धोशा लावला.

२९ डिसेंबर, रविवार

थोडक्यात. हेल्महोल्ट्झ जोडीत सहा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून १० ओहमच्या रोधकामार्फत अर्धा अँपिअर प्रत्यावर्ती धारा सोडली. मधोमध दोन सेंटिमीटर त्रिज्येची २०० वळणांची छोटी कॉइल धरली. हिशेबाने साडेचार मिलिव्होल्ट यायला हवेत, मल्टिमीटरवर ४.४ आले. कॉइल आसाला आडवी केली की जवळजवळ शून्य. दोन्ही कड्यांपैकी एकीची जोडणी उलटी केली तरी मध्यभागी जवळजवळ शून्य. पहिल्या वाटेचं क्षेत्र तिसऱ्या वाटेने तपासलं गेलं, एवढ्यासाठीच हा प्रयोग.

५ जानेवारी २०२५, रविवार

प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये नोंद: पेण, शाळेचं मैदान, क्षितिजसमांतर घटक. सूचीने ३८.६, बलाने ३७.९, प्रवर्तनाने ३८.२ मायक्रोटेस्ला. पहिल्या वाटेत चुंबक होता, दुसरीत चुंबक नव्हता पण धारा होती, तिसरीत आपण दोन्हीही वापरले नाहीत.

पुढच्या तुकडीसाठी दोन कामं. एक, होकायंत्राच्या सूचीवर लहानसा आरसा चिकटवून लेझरचा ठिपका दोन मीटरवरच्या पट्टीवर पाडायचा. कोन अर्ध्या अंशाऐवजी मिनिटांत वाचता येईल आणि मे २०२४ सारखं वादळ आमच्याही टप्प्यात येईल. दुसरं, आयताकृती वेटोळ्याच्या कडा कॅलिपरने पुन्हा मोजायच्या, कारण बल आणि प्रवर्तन दोन्ही उत्तरं त्या एकाच क्षेत्रफळावर टेकलेली आहेत आणि दोन्ही पहिल्यापेक्षा कमी आली आहेत.

सामान खालच्या कपाटात, पाइपच्या कड्या आडव्या न ठेवता उभ्या. पितळी स्क्रूंची पुडी चौकटीलाच बांधली आहे. तिच्यात लोखंडी स्क्रू मिसळू नयेत.